सध्या चालू नाही

शमीम आपांना कोणी विचारलं, "मॅडम, टाइम सांगता का?" तर त्या म्हणत, "सांगते," आणि गप्प बसत. विचारणारा जरा वाट पाहायचा, मग गोंधळून म्हणायचा, "मंग सांगा ना जी." त्यावर आपा म्हणत, "किती वाजले, असं विचार." तसं विचारलं की मात्र लगेच घड्याळ बघून सांगत. बुलढाणा ते धाड रस्त्यावरच्या काळीपिवळी जीपमध्ये हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की, पुढेपुढे ड्रायव्हरच नव्या प्रवाशाला बजावायचा, "त्या मॅडमले टाइम नका पुसू, मोबाइल पाहा."

आम्ही दोघी धाडच्या बाजूच्या एकाच शाळेत होतो. त्या मराठीच्या, मी गणिताची. दोघीही बुलढाण्याहून अपडाऊन करायचो. मी नोकरीला लागले तेव्हाच त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते. शाळेतल्या सगळ्यांना त्या विषयाच्या नावाने हाक मारत. "ए गणित, सरक जराशी." "भूगोल आज रजेवर आहे का?" मुख्याध्यापकांना विषय नव्हता म्हणून त्यांना त्या "साहेब" म्हणत, आणि त्यात मान किती आणि थट्टा किती हे त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला माझं नाव आवडायचं. त्यांच्यानंतर त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही.

दिसायला उंच, हडकुळ्या. सुती साडी, डोक्यावरून पदर, थंडीत त्यावर भावाचा जुना मरून रंगाचा स्वेटर आणि पर्समध्ये दम्याचा पंप. धामणगाव बढ्याच्या एका कापड दुकानदाराची ही थोरली मुलगी. भाऊ लवकर गेला, धाकटी बहीण अकोल्याला दिलेली. आपांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही ते सांगायची त्यांची पद्धत नव्हती.

मुसलमान बाई मराठी शिकवते याचं नव्या माणसाला नवल वाटायचं. एकदा तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने हजेरीवरचं नाव वाचून विचारलं, "तुम्ही मराठी शिकवता?"

"हो."

"म्हणजे, मराठीच?"

"प्रश्न तोच आहे, साहेब. उत्तरही तेच आहे."

त्या अधिकाऱ्याने मग वर्गात बसून त्यांचा तास ऐकला आणि जाताना नमस्कार करून गेला. आपांच्या बोलण्याचे तीन कप्पे होते. घरी आणि बहिणीशी फोनवर हिंदी-उर्दू. वर्गात अगदी स्वच्छ पुस्तकी मराठी. आणि रागावल्या की वऱ्हाडी. आमच्याकडच्या मुलांच्या तोंडात 'ळ' बसत नाही, त्याचा 'य' होतो. त्यावर आपा कडाडत, "काऊन बे, कितीक वेळा सांगू तुले? शाया नाही, शाळा!" मुलं खाली माना घालून हसत, कारण रागावणं आणि शिकवणं दोन वेगळ्या भाषांत चाललेलं असे.

परीक्षेच्या आधी त्या मुलांना सांगत, "प्रश्न वाचा. विचारलंय तेवढंच लिहा. जास्त लिहून मार्क मिळत नाहीत, नुसती शाई जाते." स्वतःही त्या तशाच जगत. एका निकालाच्या दिवशी एक आई विचारत आली, "मॅडम, पोरगा पास झाला का माह्या?" आपा म्हणाल्या, "मराठीत झाला." ती बाई हरखून गेली आणि बाजारातून पेढे घेऊन आली. मुलगा माझ्या विषयात नापास होता. पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे आला तेव्हा मी तो तसाच पुढे सरकवला. ती गेल्यावर मी आपांवर उखडले. "तिला सगळं सांगायला काय झालं होतं?"

"तिने मला विचारलं. मी मराठीची," त्या म्हणाल्या. पण तो पेढा त्यांनी खाल्ला नाही, हेही मी पाहिलं.

त्यांच्या माझ्या वर्गांमध्ये एक पत्र्याचं पार्टिशन होतं. दुपारच्या तासाला त्या कविता म्हणायला लागल्या की माझी मुलं बेरीज अर्धी सोडून ऐकत बसायची, आणि मी त्यांना ओरडायची नाही, कारण मीही ऐकत असे. गाणारा आवाज नव्हता तो. पण एकेक अक्षर सुटं, धुतलेलं ऐकू यायचं. त्यातही 'स'. मुलांना त्या समोर उभं करून शिकवत, "जीभ दातांच्या मागे ठेव. आता हवा सोड. अशी." सगळा वर्ग मग स-स-स करत बसायचा आणि शिपाई दारातून डोकावून जायचा.

दात त्यांचे नोकरीत असतानाच गेले. पायोरिया. आधी हिरड्यांतून रक्त, मग दात हलणं, मग एकेक करून काढणं. वरखाली कवळी आली. थोडे दिवस त्या बोबड्या बोलल्या, मग जीभ बसली आणि वर्गात कोणाला काही कळलंही नाही. वर्षं अशी छान गेली. निवृत्तीच्या सुमाराला जीपमधून उतरताना त्या पडल्या आणि मनगट मोडलं. तेही प्लास्टर घालून बरं झालं आणि मी ते विसरून गेले.

दात गेले की त्यांच्याखालचं हाडही हळूहळू झिजत जातं, हे तेव्हा आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. वरची कवळी टाळूला धरून राहते. खालची नुसती हिरडीवर बसलेली असते. हिरडीचा उंचवटाच सपाट झाला की ती बसणार कशावर? आपांची खालची कवळी बोलताना उचलली जाऊ लागली. मेडिकलमधून चिकटवायची पावडर आणली, दोनदा नवी कवळी करून पाहिली. जेवताना त्या ती सरळ काढूनच ठेवत.

निवृत्तीनंतर बुलढाण्याच्या त्यांच्या घरी मोहल्ल्यातल्या मुली येत असत. उर्दू शाळेत शिकलेल्या. कोणाला नर्सिंगला जायचं होतं, कोणाला पोलीस भरतीला, आणि सगळ्यांना मराठीचा पेपर आडवा यायचा. आपांनी बैठकीच्या खोलीत भिंतीला फळा ठोकून घेतला होता. रोज संध्याकाळी शुद्धलेखन. शाळा सुटली तरी आपा सुटल्या नव्हत्या, आणि मला वाटतं त्या मुली नसत्या तर निवृत्तीचं पहिलं वर्षही त्यांनी काढलं नसतं.

एका संध्याकाळी मी तिथेच बसले होते. आपांनी सना नावाच्या मुलीला फळ्याजवळ बोलावलं आणि वाक्य सांगितलं. सनाने मन लावून लिहिलं: "शाशूने शुनेला शाखर दिली."

"काय लिहिलंस हे?"

"आपा, जो आपने बोला वोहीच."

आपांनी दुसरीला बोलावलं. तिनेही तेच लिहिलं. तिसरीनेही. मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आपा फळ्यासमोर उभ्या राहून ती तीन वाक्यं पाहत होत्या. मग त्यांनी स्वतःच डस्टर घेतलं, फळा पुसला आणि मुलींना म्हणाल्या, "आज इतकंच."

मुली गेल्यावर त्यांनी खालची कवळी काढून रुमालात गुंडाळली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. इथे मी त्यांचं बोलणं नीट लिहिते आहे, त्या वेळी ते असं ऐकू येत नव्हतं.

"सगळ्यांची चूक एकच असली म्हणजे ती मुलींची नसते, गणित. खायला मला दात नकोत. खिचडी आहे, शिरा आहे, दुधात कुस्करलेली पोळी आहे. मला स पाहिजे."

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी मुलींना येऊ नका म्हणून सांगितलं. दात बसेपर्यंत.

गावात आपल्याकडे ज्यांना स्क्रूचे दात म्हणतात ते इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायच्या बारीक खुंट्या. आपांना खाली पुढच्या बाजूला दोन खुंट्या बसवल्या तर त्यांच्यावर कवळी बटणासारखी अडकेल आणि हलणार नाही, असं बुलढाण्यातल्या एका तरुण दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण आधी म्हणाले, बसवता येतील का ते बघू.

बसवता येतील का हे दातांवर ठरत नाही, ते मला तिथे कळलं. दात तर नव्हतेच. डॉक्टरांनी आपांची शुगर विचारली, बीपी विचारलं, हृदयाचं विचारलं. तंबाखू, मिश्री, सुपारी विचारली. अंगठ्याने जबडा आतून दाबून पाहिला. मग म्हणाले, "काही औषध चालू आहे का, मॅडम?"

आपांनी नेहमीसारखा थोडा विचार केला. "सध्या कोणतंही औषध चालू नाही. दमा आहे. थंडीत पंप घेते, फार झालं तर गोळ्या घेते. आता उन्हाळा आहे."

किती नीट उत्तर दिलं, असं मला वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं असावं, कारण ते हसून म्हणाले, "सगळे पेशंट असे असते तर!"

रक्त तपासलं. संभाजीनगरला जाऊन जबड्याचा स्कॅन काढला. आत जाणाऱ्या नसेच्या वर हाड किती उरलंय हे त्यात दिसतं म्हणे. हाड पुरेसं निघालं, थोडंच, पण पुरेसं. शुगर नव्हती. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फिट आहात." वयाच्या त्या टप्प्यावर आपल्याला कोणी फिट म्हणावं याची आपांना इतकी गंमत वाटली की घरी येईपर्यंत रिक्षात त्या तो शब्द घोळवत होत्या. त्या आठवड्यात त्यांनी फळ्याला नवा काळा रंग मारून घेतला. सनाची आई भाजी घ्यायला भेटली तर तिला म्हणाल्या, दिवाळीनंतर पाठव पोरीला.

डॉक्टर मध्ये कसल्या कोर्सला गेले, मग पावसाळ्यात आपांचा दमा उसळला, असं करत तारीख लांबली. तारीख पक्की करायला आम्ही गेलो तेव्हा थंडी सुरू झाली होती. आपा मजेत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, लवकरची द्या बरं का. मग मला अकोल्याला बहिणीकडे जायचंय, सलाईन लावायला."

"सलाईन? कशाला? अशक्तपणा वाटतो का?"

"हाडाचं असतं ना ते. मनगट मोडलं तेव्हापासून बहीण दर हिवाळ्यात मला नेऊन लावून घेते. वर्षातून एकदा. एक दिवस ताप येतो, मग वर्षभर काही बघायला नको."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आमच्याकडे सलाईन हे औषधात मोजत नाहीत. लग्नाची धावपळ झाली, शेतात पिकाच्या सोंगणीत ऊन लागलं, उपासात चक्कर आली, की माणूस जाऊन सलाईन लावून येतो. त्या बाटलीत काय होतं हे लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. मी रोज त्यांच्या शेजारी बसून प्रवास केला, त्यांच्या हातचा डबा खाल्ला, पण अकोल्याला जाऊन आपा हे करून येतात ते मला माहीत नव्हतं. बहिणीकडे जाऊन आले, एवढंच त्या सांगत. तेवढंच मी विचारलेलं असे.

डॉक्टरांनी तिथूनच बहिणीला फोन लावायला सांगितलं. तिने घरातला कागद काढून औषधाचं नाव एकेक अक्षर वाचून दाखवलं. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पडत होता.

"मॅडम, हे तुम्ही मला सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत, चालू आहे का. चालू म्हणजे वर्तमानकाळ. मी उन्हाळ्यात आले होते. सलाईन मागच्या हिवाळ्यात घेतलं होतं."

"माझं विचारायचं चुकलं," डॉक्टर म्हणाले. "पण ते औषध अजून चालूच आहे, मॅडम. तुमच्या हाडात. वर्षानुवर्षं राहतं ते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे औषध हाडाला झिजू देत नाही, म्हणून ठिसूळ हाडांना ते चांगलं. पण हाड झिजतं आणि पुन्हा भरतं, ते दोन्ही एकाच हाताने होत असतं. तो हात बांधून टाकला की जबड्याला पाडलेलं भोक भरेलच असं सांगता येत नाही.

"सगळ्यांना होतं असं?"

"नाही. फार थोड्यांना."

"म्हणजे मला होणारही नाही."

"कदाचित नाही होणार. पण ज्याला होतं त्याचं हाड उघडं पडतं, पू होतो, कुजत जातं. शिकत असताना मी एक बाई पाहिल्यात. शिवाय दम्याच्या गोळ्यांनी तुमच्या जखमा तशाही उशिरा भरतात. मी नाही करणार हे, मॅडम. हाडाच्या डॉक्टरांशी बोलतो, पण उगाच आशेवर ठेवणार नाही."

आपा उठल्या. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाल्या, "मी बोललेच नसते तर?"

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "जालन्याला एक डॉक्टर आहे. मोठा दवाखाना आहे. त्याला माझं काही ठाऊक नाही."

आमचं इतक्या वर्षांत खरं भांडण एकच झालं, ते हे. मी म्हटलं, जबडा सडला तर काय कराल? त्या म्हणाल्या, नाही सडला तर? मी म्हटलं, हे खोटं बोलणं आहे. तेव्हा त्या वऱ्हाडीत आल्या. "तुले काय जाते गं? तुह्या तोंडात तुहे दात हायेत. मले नको शिकवू." मला ते लागलं. पण त्यांना एकटीला जाऊ देणं मला जमलं नसतं, म्हणून मी बरोबर गेले.

जालन्याचा दवाखाना काचेचा, चकचकीत. सगळं भराभर चाललेलं. डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावला आणि खूश झाले. "काकू, हाड आहे की! दोन्ही आजच्या आज बसतील." बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने नाव, वय लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "आंटी, कोणतं औषध चालू आहे?"

आपांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे. "सध्या कोणतंही औषध चालू नाही."

अगदी तेच वाक्य, शब्दही इकडचा तिकडे नाही. मी काही बोलले नाही. जबडा त्यांचा होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचा 'स' मलाही परत हवा होता. आम्ही बाकावर जाऊन बसलो.

आमच्या मागून एक म्हातारी आली, गुडघे धरत, सुनेच्या आधाराने. त्या मुलीने तिलाही तेच विचारलं.

"नाई व माय," म्हातारी म्हणाली. "आत्ता काईच नाई चालू."

आपा बाकावर सरळ झाल्या. क्षणभर मला वाटलं, धाप लागली. मग त्या म्हणाल्या, "मावशी, आधी कधी सलाईन लावलं होतं का?"

"लावलं ना. गुडघ्यासाठी कायचं तरी लावलं व्हतं."

"कशाचं, ते ठाऊक आहे?"

"मले काय मालूम? डॉक्टरनं लावलं."

टेबलावरची मुलगी वैतागून म्हणाली, "आंटी, तुम्ही बसा ना. आमचं आम्ही बघतो." पण आपा टेबलाशी जाऊन उभ्या होत्या. कवळी हलत होती, 'स' फसत होता, तरी त्या वर्गात बोलायच्या तशा मोठ्याने बोलत होत्या. "तुमचा प्रश्न चुकला आहे. 'चालू आहे का' असं विचारायचं नाही. 'आजवर कधी घेतलं होतं का, सलाईनसुद्धा,' असं विचारायचं."

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आपांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही घेतलंय का?"

आता प्रश्न बरोबर होता. "घेतलंय," आपा म्हणाल्या. "दर हिवाळ्यात. हाडाचं."

डॉक्टरांनी आत जाऊन पडद्यावरचा जबडा बंद केला. ती म्हातारी काहीच न कळून आपांकडे पाहून हसत होती. तिला किती वाचवलं, की वाचवलंच नाही, ते मला आजही माहीत नाही. तिच्या बाटलीत साधं ग्लुकोजही असेल.

परतीच्या गाडीत मला आपांचा फार राग आला. त्या खोटं बोलल्या तेव्हा आला नव्हता, तो आता आला. "तुम्हाला काय पडलं होतं तिचं?" मी म्हटलं. "तोंडाशी आलं होतं सगळं." त्या एवढंच म्हणाल्या, "चुकीचा प्रश्न ऐकवत नाही गं मला." बुलढाणा येईपर्यंत आम्ही दोघी रडत होतो, एकमेकींना दिसू न देता.

त्यानंतर आपा मिटत गेल्या. सनाने वाक्य सांगायचं आणि आपांनी फक्त तपासायचं, असा प्रयोग काही दिवस झाला. पण सनाला 'ण' आणि 'न' मधला फरक कळत नव्हता, आणि तो सांगायला आपा तोंड उघडत नव्हत्या. मुली एकेक करून गळाल्या. आपा फोन घेईनाशा झाल्या. मी फोन केला की तो वाजून बंद व्हायचा आणि मग मेसेज यायचा, पूर्णविराम, स्वल्पविराम जागच्या जागी. मला ते मेसेज वाचवत नसत. मेसेजमध्ये त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, म्हणून जास्तच त्रास व्हायचा. एकटीने राहवेना तेव्हा बहिणीने त्यांना कायमचं अकोल्याला न्यायचं ठरवलं. तिथेच पुढच्या थंडीत दम्याने त्या गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर, त्या अकोल्याला निघाल्या त्या दिवशी. बहीण पुढे जाऊन जागा धरून बसली होती. आपा गाडीच्या दाराशी उभ्या होत्या, पदर नाकापर्यंत ओढलेला. इतक्यात एक भरदार तरुण गर्दीतून वाट काढत आला आणि सरळ त्यांच्या पायांशी वाकला.

"मॅडम, ओयखलं का मले?"

आपांनी त्याच्याकडे पाहिलं. इतकं टक लावून पाहिलं की मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पदराच्या आत त्यांचे ओठ हललेही.

"धाडले शिकलो मी तुमच्यापाशी. नववीले व्हतो. आठवून पाहा बरं."

आपांनी मान हलवली. नाही.

त्याचं तोंड उतरलं. "असू द्या मॅडम. लई पोरं झाले तुमचे, कोणाकोणाले ध्यानात ठेवान," असं म्हणत तो मागे सरला आणि पलीकडच्या चहाच्या टपरीजवळ जाऊन उभा राहिला. आपा गाडीत चढल्या. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी टाचा उंच करून कान खिडकीला लावला. त्यांनी पदर बाजूला केला. आत कवळी नव्हती.

"शंतोश," त्या म्हणाल्या. "शंतोश शोनवने. त्याला त्याचं नाव अशं कशं ऐकवू?"

गाडी निघाली. त्यांनी हात केला नाही, पदर पुन्हा वर घेतला. गाडी स्टँडच्या दारातून वळून दिसेनाशी झाली तेव्हा मी टपरीकडे गेले. कोणी तरी त्याला सांगायलाच हवं होतं.

"संतोष सोनवणे ना तू?"

"हाव. तुमाले कसं मालूम?"

"मॅडमनी सांगितलं आत्ता. ओळखलं त्यांनी तुला."

त्याचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. "मंग मले काऊन नाई म्हटलं त्यायनं?"

"दात नाहीत रे त्यांना आता," मी म्हणाले.

"दाताचं काय मॅडम?" तो म्हणाला. "मी काय त्यायले जेवाले बोलावून राह्यलो व्हतो?"